आनंदीबाईंच्या दोन चरित्रकार

अमेरिकेतल्या बॉस्टन शहरी १८८८ साली रॉबर्ट्स ब्रदर्स या प्रकाशकांनी एक बेताच्या आकाराचे पुस्तक काढले. पुस्तकाचे नाव मराठीत सांगायचे तर ‘डॉ. आनंदाबाई जोशी यांचे चरित्र’, आणि त्याखाली ओळ अशी, की या बाई म्हणजे पंडिता रमाबाईंच्या नात्यातल्या. लेखिकेचे नाव कॅरोलाइन हीली डॉल. आनंदीबाईंची ‘आनंदाबाई’ झाली आहे, हे वाचकांच्या ध्यानात आलेच असेल. बॉस्टनच्या बाईंना कानामात्रेचा एवढा गोंधळ माफ करायला हरकत नाही. आपणही त्यांच्या नावाचे काय करतो ते एखाद्या अमेरिकन माणसाला विचारावे.

नात्याचा उल्लेख मात्र गंमतीचा आहे. पंडिता रमाबाई त्या वेळी अमेरिकेत गावोगाव व्याख्याने देत होत्या आणि त्यांचे नाव तिकडे घरोघर पोहोचले होते. तेव्हा आनंदीबाईंची ओळख करून द्यायची ती रमाबाईंची नातलग म्हणून! ज्या मुलीने १८८६ च्या मार्चमध्ये फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून एम.डी. ची पदवी मिळवली, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाला बावीस वर्षेही पुरी झाली नसताना, पुण्यात डोळे मिटले, तिच्या नावाला दीड वर्षाच्या आत दुसऱ्या नावाचा टेकू लागत होता. माणसे इतक्या लवकर विसरली जातात. म्हणून तर कोणी तरी ताबडतोब लेखणी हाती घ्यावी लागते.

आनंदीबाईंच्या बाबतीत अशा लेखण्या दोन निघाल्या, आणि दोन्ही बायकांच्या. एक या डॉलबाईंची. दुसरी आपल्या काशीबाई कानिटकरांची. आनंदीबाईंची गोष्ट आज मराठी माणसाला नव्याने सांगावी लागत नाही, पण ती त्याच्यापर्यंत आणून पोहोचवणाऱ्या या दोघींची सांगावी लागते. म्हणून हा लेख.

डॉलबाईंचा जन्म १८२२ चा, बॉस्टनमधल्या व्यापारी घरातला. बापाने मुलीला मुलासारखे शिकवले. एकोणिसाव्या वर्षी मार्गारेट फुलर या विदुषीच्या संभाषणवर्गाला ही मुलगी जाऊन बसत असे. पुढे युनिटेरियन पंथाचे धर्मोपदेशक चार्ल्स डॉल यांच्याशी लग्न झाले, दोन मुले झाली, आणि १८५५ साली नवऱ्याने मनाशी ठरवले की आपण धर्मकार्यासाठी कलकत्त्याला जायचे. ते गेले. बायको आणि मुले बॉस्टनलाच राहिली. मधून काही वेळा ते घरी येऊन गेले, एवढेच. १८८६ साली कलकत्त्यालाच त्यांचा अंत झाला. एकतीस वर्षे! आपल्याकडे नवरा काशीला निघून गेल्याच्या गोष्टी पुष्कळ आहेत. गोऱ्या लोकांतला नवराही आपल्याच देशात येऊन तसे करू शकतो, हे मला या बाईंच्या चरित्रामुळे कळले.

बाईंनी रडत बसण्याऐवजी लिहायला घेतले. व्याख्याने दिली, स्त्रियांचे शिक्षण, मजुरी आणि कायद्यातले हक्क यांवर १८६७ साली जाडजूड ग्रंथ लिहिला. मुलांसाठी गोष्टींची पुस्तके लिहिली. त्याआधी १८६० मध्ये त्यांचे इतिहासविषयक एक पुस्तक आले होते. त्याच्या नावाचा आशय असा, की इतिहासातल्या जुन्या तसबिरींवर पुन्हा एकदा रंगाचा हात फिरवणे. इतिहास पुरुषांनी लिहिला, त्यामुळे बायकांची चित्रे एक तर पुसट झाली किंवा विद्रूप झाली. ती साफ करावीत, हा हेतू. पंचाहत्तर वर्षे त्या रोजनिशी लिहीत होत्या, आणि ती आजही बॉस्टनच्या इतिहास-संस्थेत जपून ठेवलेली आहे. त्यांचा मुलगा विल्यम हा अलास्काचा नामांकित संशोधक झाला. तिकडच्या एका रानमेंढीला त्याच्यावरून नाव पडले आहे. मेंढीमुळे आडनाव टिकले, आणि ग्रंथ लिहिणारी आई मागे पडली, असाही जगाचा न्याय असतो.

अशी बाई आनंदीबाईंच्या चरित्राकडे का वळली, हे वेगळे सांगायला नको. इथे तसबीर पुसट व्हायच्या आतच तिच्यावर हात फिरवायची संधी होती. त्यांच्या पुस्तकाचा मोठा गुण हा, की आनंदीबाईंना ज्यांनी अमेरिकेत पाहिले होते, जेवू घातले होते, त्या माणसांच्या आठवणी ताज्या असताना ते लिहिले गेले. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या कार्पेंटरबाई दंतवैद्याकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत बसल्या असताना त्यांच्या हाती मिशनऱ्यांचे एक मासिक पडले. त्यात गोपाळराव जोश्यांनी आपल्या पत्नीच्या शिक्षणासाठी केलेला पत्रव्यवहार होता. तो वाचून या कोण कुठल्या बाईंनी अनोळखी मुलीला पत्र घातले आणि पुढे तिला पोटच्या पोरीसारखी घरात घेतली. ही हकीकत आज आपल्याला एखाद्या कादंबरीतली वाटते. पण ती घडलेली आहे. कार्पेंटरबाईंनी आनंदीबाईंच्या रक्षाही मागून घेतल्या आणि पोकीप्सीच्या स्मशानभूमीत आपल्या घराण्याच्या जागेत पुरल्या.

डॉलबाईंना जे दिसणे शक्य नव्हते, ते म्हणजे अलिबाग, कोल्हापूर, श्रीरामपूर इथल्या पोस्टमास्तरांच्या बिऱ्हाडातली बंद दाराआडची गोष्ट. हे श्रीरामपूर म्हणजे बंगालमधले, नगर जिल्ह्यातले नव्हे. माझ्या वर्गात दर वर्षी कोणी तरी तेवढी चूक करतेच. ती आतली गोष्ट लिहायला मराठी बाईच हवी होती.

काशीबाईंचा जन्म २० जानेवारी १८६१ चा, सांगलीजवळच्या आष्ट्याचा. माहेरचे आडनाव बापट. घर चांगले खातेपिते. म्हणजे आनंदीबाईंपेक्षा त्या चार वर्षांनी मोठ्या. दोघींची लग्ने नवव्या वर्षाच्या आसपास झाली. दोघींनाही शिक्षणाचा ध्यास असलेले नवरे मिळाले. काशीबाईंचे यजमान गोविंद वासुदेव कानिटकर हे वकील, पुढे न्यायखात्यातले अधिकारी, शिवाय कवी. अकबर बादशहा आणि कृष्णाकुमारी यांच्यावर त्यांनी ऐतिहासिक काव्ये रचली होती, आणि मिल्लच्या स्त्रीदास्यावरच्या ग्रंथाचे मराठीकरणही केले होते. असे नवरोजी आणि बायको अक्षरशत्रू! काशीबाई शाळेची पायरी कधी चढल्या नाहीत. लग्नानंतर, सासरच्या माणसांचा रोष सोसून, नवऱ्याच्या इच्छेसाठी त्या वाचायला शिकल्या. आधी मराठी, मग संस्कृत आणि इंग्रजी. नवऱ्याच्या इच्छेने सुरू झालेली ही गोष्ट कधी त्यांची स्वतःची होऊन गेली, ते त्यांनाही कळले नसावे.

मग काशीबाईंनी जे लिहिले त्याची नुसती नावे पाहिली तरी पुरे. ‘रंगराव’ ही कादंबरी. ‘शेवट तर गोड झाला’ आणि ‘चांदण्यातील गप्पा’ हे कथासंग्रह. आणि १९२८ साली, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी प्रसिद्ध केलेली ‘पालखीचा गोंडा’. मराठीत कादंबरी लिहिणारी पहिली बाई त्या नव्हेत. साळूबाई तांबवेकरांचे ‘चंद्रप्रभाविरहवर्णन’ १८७३ सालचे आहे. पण साळूबाईंची कथा त्या वेळच्या रिवाजाप्रमाणे राजपुत्र आणि विरहिणी यांची आहे. आपल्या भोवतालच्या घरांतल्या बायका कागदावर आणणारी पहिली महत्त्वाची लेखिका काशीबाईच. ‘पालखीचा गोंडा’मध्ये तर एका संस्थानाचा कारभार बायकांच्या हाती आला तर काय काय होईल, याचे स्वप्न त्यांनी रंगवले आहे. बंगालमध्ये रुकैया सखावत हुसेन यांनी १९०५ साली आणि अमेरिकेत शार्लट पर्किन्स गिलमन यांनी १९१५ साली असेच बायकांचे राज्य कल्पिले होते. तीन टोकांच्या तीन बाया एकच स्वप्न पाहतात, तेव्हा त्यांची दिवसाची रहाटी किती सारखी असली पाहिजे!

त्या काळी कादंबरीची हवा इतिहासाच्या बाजूने वाहत होती. आमच्या सोलापूरच्या परिसराला तर या प्रकाराशी जुनी ओळख आहे. इथून उणापुरा तीस मैलांवर असलेल्या नळदुर्गाला मेडोज टेलर हा साहेब अधिकारी होता, आणि त्याच्या १८६३ सालच्या ‘तारा’ या इंग्रजी कादंबरीची नायिका तुळजापूरच्या एका शास्त्र्याची मुलगी आहे. याच टेलरच्या टिपूवरच्या कादंबरीच्या आधाराने हरिभाऊ आपट्यांनी ‘म्हैसूरचा वाघ’ लिहिला, आणि पुढे ‘उषःकाल’पर्यंत ते केवढे चढून गेले ते सर्वांना ठाऊकच आहे. हरिभाऊ हे कानिटकरांच्या घरचे. काशीबाईंशी त्यांचा भावाबहिणीसारखा स्नेह आणि मोठा पत्रव्यवहार होता. १८९० मध्ये सुरू झालेल्या ‘पण लक्षात कोण घेतो’मधली यमू स्वतःच्या तोंडाने आपली कहाणी सांगते, एका पुरुषाला तो आवाज इतका अचूक सापडावा, यात काशीबाईंच्या बोलण्याचा वाटा असलाच पाहिजे, असे मला नेहमी वाटत आले आहे. काशीबाई मात्र गडकिल्ल्यांकडे फिरकल्या नाहीत. त्यांनी खरीच माणसे निवडली, आणि त्यात आनंदीबाई.

आनंदीबाई गेल्यावर थोड्याच वर्षांत काशीबाईंचे हे चरित्र आले. १९१२ मध्ये त्याची दुसरी आवृत्ती निघाली. त्याचा प्राण म्हणजे आनंदीबाईंची पत्रे. आता या कामातली अडचण पाहा. बायकोने नवऱ्याला लिहिलेली पत्रे असायची कोणाजवळ? नवऱ्याजवळ. आणि गोपाळराव तर हयात होते, पुण्यातच वावरत होते, आणि वावरत होते म्हणजे कसे! १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये रानडे, टिळक यांच्यासारख्या मंडळींना चहाला जमवून, मागाहून कोण कोण हजर होते त्यांची नावे वर्तमानपत्रात छापणारे गृहस्थ हेच. सगळ्या शहराला ज्यांनी प्रायश्चित्ताच्या वादात लोळवले, त्यांच्या हयातीत त्यांच्याच बायकोचे चरित्र लिहायचे, तेही त्यांच्यापाशी असलेल्या कागदांवरून! मोठमोठे इतिहासकार अशा वेळी ‘अनावश्यक तपशील’ गाळून मोकळे होतात.

काशीबाईंनी गाळले नाही. आनंदीबाईंनी अमेरिकेतून गोपाळरावांना लिहिलेले एक पत्र त्यांच्या ग्रंथात आहे. ते वाचल्यावर मला पुढचे पान उलटवेना. गोपाळराव तिकडे काही ना काही दोष काढणारी पत्रे पाठवीत असत, त्यांना हे उत्तर आहे. तुमची माझ्याशी वागणूक बरी होती की वाईट, याचा निवाडा करणे कठीण आहे, असा सूर धरून ही विशीतली मुलगी आपल्या लहानपणचा हिशेब मांडते. अभ्यासासाठी लाकडाने मारलेले, अंगावर फेकलेली पुस्तके आणि खुर्च्या, टाकून निघून जाण्याच्या धमक्या. कुठे आक्रोश नाही. उपकारही नाकारलेले नाहीत. हिंदू बायकोला यावर बोलायचा अधिकार नाही, गुमान सोसायचे एवढेच तिच्या हाती, हेही ती सांगते. शिवाय त्या मुलीला बाराव्या-तेराव्या वर्षी मूल होऊन दहा दिवसांत गेले होते, हे आपण विसरू नये.

हे पत्र छापले नसते तर गोपाळरावांची मूर्ती आज कशी दिसली असती? स्त्रीशिक्षणासाठी जिवाचे रान करणारा एक विक्षिप्त पण थोर नवरा, बस्स. लग्नाच्या वेळी ‘मुलीला मी शिकवणार’ एवढीच अट घालणारा. आणि ते खोटेही नव्हे! त्यांच्या हट्टाशिवाय आनंदीबाई डॉक्टर झाल्या नसत्या, हे काशीबाई मानतात आणि मीही मानते. पण हट्टाची किंमत कोणाच्या पाठीवर वसूल झाली, तेही त्यांनी वाचकासमोर ठेवले. आपलेही शिक्षण नवऱ्याच्या मर्जीने सुरू झाले होते, हे त्यांना ती ओळ उतरवताना आठवले असेल काय? डॉलबाईंचा नवरा सोडून गेल्यामुळे त्या लेखिका झाल्या, काशीबाईंचा नवरा पाठीशी राहिल्यामुळे त्या झाल्या, आणि आनंदीबाईंचा नवरा पाठीशी होता आणि पाठीवरही होता. तीन संसार शेजारी मांडले की ‘नवऱ्याने शिकवले’ हे वाक्य वाटते तितके सरळ राहत नाही.

मी सोलापुरात मराठी शिकवते. पदवीच्या वर्गात आनंदीबाईंचे नाव काढले की मुलांचे डोळे चमकतात, कारण २०१९ सालचा ‘आनंदी गोपाळ’ हा चित्रपट बहुतेकांनी पाहिलेला असतो. एक-दोघांच्या आईने श्री. ज. जोशी यांची १९६८ सालची त्याच नावाची कादंबरी वाचलेली असते. काशीबाईंचे नाव मात्र पाटीवर लिहून दाखवावे लागते. श्री. जं. ची कादंबरी मला स्वतःला आवडते. तिच्यात काळ जिवंत झाला आहे, गोपाळरावांचा तऱ्हेवाईकपणा आणि कठोरपणाही लपवलेला नाही. पण नावातच जोडी आली. कादंबरीला दोन पात्रांची ओढाताण लागते, आणि ओढणारा गडी नेहमीच बसून राहिलेल्यापेक्षा जास्त रंगतो. चित्रपटात तर तो इतका देखणा आणि प्रेमळ झाला की माझ्या एका विद्यार्थिनीने निबंधात लिहिले, ‘असा नवरा मिळाला तर मीही डॉक्टर होईन.’ मी तिला काशीबाईंच्या ग्रंथातले ते पत्र वाचायला दिले. तिने ते दोनदा वाचले आणि विचारले, “मॅडम, हे सिनेमात का नाही घेतलं?”

तिला मी आमच्याच गावचे उदाहरण दिले. द्वारकानाथ कोटणीस सोलापूरचे. १९१० मध्ये इथे जन्मले, चीनच्या रणभूमीवर सैनिकांची शुश्रूषा करता करता ९ डिसेंबर १९४२ रोजी अपस्माराच्या झटक्यांनी गेले. चार वर्षांच्या आत शांतारामबापूंनी त्यांच्यावर चित्रपट काढला, आणि पडद्यावरचे डॉक्टर गेले ते महामारीने. प्लेगशी झुंजताना येणारे मरण प्रेक्षकाला समजते. बत्तिसाव्या वर्षी आलेली फेफरी समजत नाही. सोलापुरातल्या जुन्या पिढीतली कितीतरी माणसे सिनेमातलेच मरण खरे मानून चालत. मूळ माणसाची उंची त्यामुळे कमी झाली नाही हे खरे, पण त्याच्या देहाने जे सोसले ते कोणी तरी पुसून टाकले. कादंबरीकाराला नि दिग्दर्शकाला ती मुभा आहे. म्हणूनच आधी कोणी तरी मूळ कागद नीट लावून ठेवलेले हवेत.

आनंदीबाईंचे कागद पुन्हा लावण्याचे काम आपल्या काळातही बायकांनीच केले. अंजली कीर्तने यांनी अमेरिकेपर्यंत माग काढीत १९९७ साली ‘डॉ. आनंदीबाई जोशी: काळ आणि कर्तृत्व’ हे विस्तृत चरित्र सिद्ध केले. दामोदर कोसंबींच्या कन्या मीरा कोसंबी यांनी आनंदीबाईंवर आणि काशीबाईंवरही इंग्रजीत लिहिले. दोघींनाही काशीबाईंनी जपून ठेवलेल्या पत्रांपाशी यावेच लागले.

काशीबाई दीर्घायुषी होत्या. १८८९ च्या मुंबईच्या काँग्रेस अधिवेशनात पंडिता रमाबाईंबरोबर ज्या मोजक्या बायका प्रतिनिधी म्हणून बसल्या, त्यांत त्या होत्या. प्रार्थनासमाजाच्या वातावरणातून त्या पुढे थिऑसफीकडे, अ‍ॅनी बेझंटांकडे वळल्या. या वळणाचे मला फारसे कौतुक नाही, पण त्या पिढीत ते अनेकांनी घेतले. १९१८ मध्ये गोविंदराव गेले, १९१९ मध्ये हरिभाऊ. त्यानंतर त्या आणखी एकोणतीस वर्षे जगल्या. ३० जानेवारी १९४८ रोजी त्यांचे निधन झाले. तारीख वाचकांच्या ओळखीची आहे. त्याच दिवशी संध्याकाळी दिल्लीत बिर्ला भवनात गांधीजींवर गोळ्या झाडल्या गेल्या. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात एका सत्त्याऐंशी वर्षांच्या मराठी लेखिकेला कुठून जागा मिळणार!

स्वतःचे आयुष्य त्यांनी लिहायला घेतले होते, ते अर्धेच राहिले. जवळजवळ तीस वर्षांनी सरोजिनी वैद्य यांनी ते हस्तलिखित सोडवले, पत्रे आणि इतर कागद लावले, आणि जिथे काशीबाईंचा हात थांबला तिथून पुढची हकीकत स्वतः लिहिली. पॉप्युलर प्रकाशनाने काढलेल्या त्या ग्रंथाचे नाव ‘श्रीमती काशीबाई कानिटकर: आत्मचरित्र आणि चरित्र’ असे आहे. त्यातला पहिला शब्द काशीबाईंच्या वाट्याचा, दुसरा सरोजिनीबाईंच्या.